बिनपगारी तलाठी

१५ ऑगस्ट २०२१ ला महाराष्ट्रात ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवरून पिकांची नोंद, सुरू झाली आणि शेतकऱ्याला आणखी एक स्वातंत्र्य मिळालं: तलाठ्याचं काम स्वतः करण्याचं. पूर्वी तलाठी भाऊसाहेब चावडीत बसल्या बसल्या अख्ख्या शिवाराची पिकं ‘पाहत’. ती दिव्यदृष्टी ॲपला नाही. त्याला अक्षांश-रेखांशासकट फोटो लागतो. मग अकोले तालुक्यात भातखाचराच्या चिखलात उभं राहून फोटो काढायचा, नि तो पाठवायला रेंज शोधत टेकाड चढायचं.

माहितीयुगानं काम संपवलं नाही. चावडीतून बांधावर धाडलं. पगार तेवढा चावडीतच राहिला. तलाठी आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालेत. जुनं पदनाम मोकळंच आहे, शेतकऱ्याला देऊन टाकायला काय हरकत आहे?