कासव काहून कोरते?

फिनिक्सच्या भाच्यानं कासव पाळलंय, हे शेगावात बसलेल्या आईला पटवता पटवता आम्ही थकलो. कुत्रं राखण करतं, मांजर उंदीर धरते. कासव काय करतं? "खोदतं," भाचा म्हणाला. त्याची तक्रारही तीच होती. अंगणभर हिरवळ लावलेली, आणि हे महाशय भिंतीच्या कडेला माती उकरणार.

इकडे रात्र, तिकडे सकाळ. मोबाइलवर बघितलं. डावा पाय एकदा ओढला, जरा विचार केला, मग उजवा. मूठभर माती मागं सरली की मान वर करून विश्रांती. आमच्या गल्लीतल्या पाइपलाइनच्या खोदकामापेक्षा वेग बराच म्हणायचा.

"पण का खोदत असेल, मामा?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली, "उन्हानं, बाप्पा! तुह्या घरी एशी हाय, त्यानं कुठी जावं?"

शास्त्र वेगळं काही सांगत नाही. अ‍ॅरिझोनाकडचं वाळवंटी कासव रानात आयुष्याचा ९० टक्क्यांहून जास्त काळ जमिनीखालीच काढतं. त्याला घाम येत नाही. बाहेर तापलं की तेही तापतं. बिळात गारवा, शिवाय हवा दमट, त्यामुळे अंगातलं पाणी उडत नाही. प्यालेलं पाणी ते मूत्राशयात साठवून महिनोन्‌महिने पुरवतं. कुणी हौसेनं उचललं की घाबरून सगळा साठा सोडून देतं, आणि ते त्याच्या जिवावर बेततं. खारपाणपट्ट्यात जन्म गेलेल्याला ही काटकसर समजावून सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की आम्हीही दारं-खिडक्या लावून कूलरपुढे पडतो. गजानन महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी भुयारात उतरताना भक्तीसोबत गारवाही हवासा वाटतो, महाराज रागावणार नाहीत.

आपल्याकडे मात्र हा नाद नको. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं रानातली देशी कासवं घरात ठेवायला बंदी आहे. म्हणून आमच्याकडे टीव्हीशेजारी ताटलीतल्या पाण्यात पितळेचं आहे. ते हिरवळ उकरत नाही. भाग्यही फारसं उकरून काढलेलं नाही.

तिकडे सरकारी खातंच माणसांत वाढलेली कासवं दत्तक देतं, पण बिळाची सोय करा म्हणतं. भाच्यानं सिमेंटचे ब्लॉक रचून, वर माती लोटून झकास बीळ केलं. कासव तिकडे फिरकलंच नाही. ते उकरत होतं ती जागा नीट बघितली, तर बरोबर एसीची नळी ठिबकते तिथं.

अठराव्या शतकात इंग्लंडातले पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी आत्याच्या कासवाचं खोदणं असंच टिपून ठेवलं होतं. त्याचा वेग त्यांना घड्याळाच्या तासकाट्याएवढा वाटला. तिथं कारण थंडीचं. कासवाचं नाव टिमथी, म्हणजे पुरुषाचं. मेल्यावर कवच तपासलं, तर मादी निघाली.

हे सांगायला नको होतं. भाच्यानं लगेच कासव अलगद कलतं करून फोटो पाठवला. नराची पोटाकडची ढाल खोलगट असते, याची सपाट. म्हणजे ही. आणि वाळवंटी मादी जुन्या भेटीच्या जोरावर, नर जवळ नसतानाही, काही वर्षांनी अंडी घालू शकते. अंड्यांचा खड्डा मागच्या पायांनी खणतात, ही पुढच्यांनी उकरतेय, हे मी दहादा सांगितलं. ऐकतं कोण! आई आता रोज फोनवर विचारते, तिला आंबट खावंसं वाटते का म्हणून.