मी धोटा शे

सुरतेत मराठी पोरगा नाटकाच्या वर्गात शिरला की त्याची पहिली भूमिका ठरलेली असते: मावळा. १६६४ आणि १६७०, दोन्ही लुटींचा हिशेब वर्गातल्या गुजराती मित्रांनी माझ्या नावावर मांडून ठेवला होता. त्यामुळे दुसऱ्या वर्षी सरांनी "यंदा पात्रं नाहीत, गोष्ट नाही, सेट नाही, अकरा जणांचं मिळून एकच शरीर" असं जाहीर केलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. निदान या खेपेला कुणाची तिजोरी फोडायची नव्हती.

या प्रकाराला म्हणतात अवास्तववादी समूहनाट्य. सरांनी उदाहरण दिलं 'घाशीराम कोतवाल'चं. १६ डिसेंबर १९७२ला पुण्यात पहिला प्रयोग, तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, आणि ती गात-डुलत उभी राहणारी ब्राह्मणांची रांग. तीच पडदा, तीच भिंत, तेच पुणं. पाठमोरी झाली की भिंत, वळली की माणसं. सर सांगता सांगता रंगात आले होते. आम्ही मात्र भिंतीत उभं राहिल्यावर तोंड किती वेळ दिसेल याचा हिशेब करत होतो. अकराच्या अकरा जणांना नाना फडणवीस व्हायचं होतं. समूहनाट्यातली पहिली अडचण समूह हीच असते.

विषयावरून चार दिवस भांडलो. निम्म्यांना आगगाडी करायची होती, कारण चं. ची. मेहता सुरतचे आणि त्यांनी रेल्वे कामगारांवर 'आगगाडी' हे नाटक लिहिलं. मलाही गाडी चालली असती. सुरत-भुसावळ मार्गावर आमचं बालपण गेलंय. त्यातलं नवापूर स्टेशन तर बांधलंय गुजरात आणि महाराष्ट्र यांच्या सीमेवर. तिकीट एका राज्यात काढायचं आणि गाडीची वाट दुसऱ्या राज्यात बघायची. एवढं अवास्तववादी नेपथ्य रेल्वे फुकट पुरवते. पण गाडीला इंजिन एकच असतं आणि आमच्याकडे इंजिन व्हायला चौघं तयार होते. शेवटी लूम ठरला. सुरतेत राहून लूम नाही तर काय करणार?

लूमच्या बाबतीत माझ्याकडे घरचं ज्ञान होतं. आबा उधन्याला लूम चालवतात. विणकामाच्या शेडला सुरतेत 'खातुं' म्हणतात, त्यामुळे बँकेत आमचं खातं नव्हतं तेव्हाही आबा रोज खात्यावर जात. बारा तासांची पाळी, आठ मशीन, पैसे मीटरवर. त्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाहीत म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात, आणि ती सवय लिंबायतच्या आमच्या दोन खोल्यांपर्यंत येते. चहा हवा असला की आबांचा अंगठा आणि बोट ओठांशी जातं. मीठ कमी असलं की चिमूट चोळतात. माझा निकाल विचारायचा असला की नुसती भुवई. मूकाभिनयाची फी मी उगाच भरली.

"त्यामा तू काय शेस?" आबांनी विचारलं.

"मी धोटा शे."

आबांनी भाकरी खाली ठेवली आणि पोटभर हसून घेतलं. मग मशीन ताटावरच चालवून दाखवलं. उभे धागे फाकतात, मधल्या वाटेनं धोटा आडवा धागा घेऊन पळतो, तो पार झाला की फणी येऊन धागा ठोकते. धोटा, फणी, धोटा, फणी. "आनि फणी पहिले उनी..." म्हणत त्यांनी बोटावर वाटी आपटली. पुढचं वाक्य नव्हतं.

तालमी झाल्या. चार मुली ओढण्या वरखाली करत उभे धागे झाल्या, दोन दांडगे फणी झाले, एक जण कोपऱ्यात मांडी घालून मोटार झाला आणि तोंडानं अखंड खटाखट करू लागला. वर्गात सगळ्यात किडकिडीत मी, म्हणून इकडून तिकडे पळायचं काम माझं. सरांचा नियम एकच होता: कुणाला काहीही होवो, गट थांबत नाही.

प्रयोगाला माय आणि आबा तिसऱ्या रांगेत बसले होते. पहिले दोन फेरे ठीक गेले. तिसऱ्यात वेग वाढवायचा होता. फणीला (नंतर तिनंच वापरलेल्या शब्दात) 'आवेश' आला, ती अर्धी मात्रा आधी आली आणि तिचं कोपर माझ्या नाकावर बसलं. रक्ताची धार लागली. गट थांबत नाही, म्हणून मी पळत राहिलो. पांढऱ्या ओढणीवर लाल थेंब पडत होते आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी "वाह!" म्हणालं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत आबा उभे राहिले. हात वर, तळवा आडवा, आणि मी जन्मात ऐकला नव्हता असा आवाज: "बंद कर! मशीन बंद कर!"

मशीन बंद पडलं. अकराच्या अकरा जण जागच्या जागी. मोटारीचा एक शेवटचा 'खट' उशिरा आला तेवढाच. क्षणभर शांतता, आणि मग सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

प्रयोगापेक्षा अवघड असतं ते परीक्षेसाठी त्याचं विश्लेषण लिहिणं. प्रत्येक गोष्ट का केली ते सांगायचं, आणि खरं कारण बहुधा सांगण्यासारखं नसतं. आमच्या रंगमंचावर एकही वस्तू नव्हती, कारण कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो शिपाई लग्नाला गेला होता. मी लिहिलं, 'वस्तूंचा जाणीवपूर्वक त्याग'. मध्येच मी चार पावलं उलटी धावलो, कारण चप्पल कुठे ठेवली ते आठवत होतो. लिहिलं, 'यंत्राच्या स्मृतीचा प्रत्यय'. तमाशात सोंगाड्या एक गिरकी मारून गाव बदलतो, ब्रेख्तनं १९३५ साली मॉस्कोत चिनी नट मेइ लानफांगचा अभिनय पाहिला, हे सगळं एकाच परिच्छेदात कोंबलं.

अडलो ते आबांपाशी. ब्रेख्त म्हणतो, प्रेक्षकानं वाहून जाऊ नये, विचार करावा. ब्राझीलचा बोआल म्हणतो, प्रेक्षकानं उठून प्रयोगात शिरावं. आबा नक्की कुणाचे? नाकावर बर्फ धरून मी त्यांनाच विचारलं, "तुम्हाला तिथे मी दिसलो का मशीन?"

"रगत दिसनं," आबा म्हणाले आणि चहाची खूण केली.

परीक्षकांचा शेरा दुसऱ्या दिवशी आला. 'यंत्र थांबवणारा कामगार प्रेक्षकांत बसवण्याची कल्पना उत्कृष्ट. त्या नटाचा अभिनय सर्वांत सहज. त्याचं नाव यादीत नाही, ते जोडावं.' सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. नियम नियम असतो. संध्याकाळी यादी घेऊन घरी गेलो आणि अकराव्या नावाखाली आबांचं नाव घातलं. पुढे रकाना होता भूमिकेचा.

"काय लिहू, कामगार?"

आबांनी यादी हातात घेतली. मोटार, फणी, धागा, धागा, धोटा असं बोट फिरवत खालपर्यंत आले. बावीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसानं जरा विचार केला, दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि हळूच म्हणाले, "मुकादम लिखी दे."