चूळ भरून पुढे

मुंबईहून नाशिकला हल्ली समृद्धी महामार्गाने जाता येतं. इगतपुरीजवळ जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. त्यात शिरलं की सह्याद्री कधी लागला नि कधी संपला याचा पत्ताच लागत नाही. मी मुद्दाम जुन्या कसारा घाटाने गेले. एकटीने गाडी चालवण्यातला खरा आनंद हा की, शेजारी बसून “बोगद्याने गेलो असतो तर एव्हाना पोचलो असतो” असं म्हणणारं कोणी नसतं. आमच्याकडे हे खातं यजमान सांभाळतात आणि त्यात ते कधी रजा घेत नाहीत.

पण एकटीने गाडी हाकत वायनऱ्या बघायला जाण्यात एक मूळचीच गोम आहे. पिणारी तीच आणि चालवणारीही तीच. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच खेपेला १०,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. तेवढ्या पैशांत येवल्याला बरी पैठणी मिळते. शिवाय पैठणी नेसून घरी जाता येतं, कैद भोगून घरी गेलं तर सासूबाईंना काय सांगायचं हा प्रश्न उरतोच.

यावर जगभरच्या जाणकारांनी एक उपाय शोधलेला आहे. घोट तोंडात घ्यायचा, गालात खेळवायचा आणि पिकदाणीत टाकून द्यायचा. वाइन पारखणारी मोठी मंडळी दिवसाला पन्नास-पन्नास वाइन अशाच चाखतात आणि संध्याकाळी सरळ रेषेत चालत घरी जातात. वाचायला हे सोपं वाटतं. पण आपण ‘येथे थुंकू नये’ या पाट्यांखाली वाढलेली माणसं. चारचौघांत, हसतमुखाने, पातळ सरळ धारेत थुंकायचं म्हणजे आयुष्यभराचे संस्कार एका फवाऱ्यात धुऊन टाकायचे. म्हणून निघण्याआधी काही दिवस मी बेसिनपाशी कोकम सरबतावर सराव केला. एकदा मध्येच सासूबाई आल्या. त्यांनी लाल बेसिन पाहिलं, माझं लाल तोंड पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टरांकडे जायचं की पोलिसांत?”

घोटीच्या पुढे महामार्ग सोडला की कावनईच्या बाजूला मुकणे धरणाचं पाणी दिसायला लागतं. पलीकडे डोंगर असे उभे, की कोणीतरी हजेरी घेत असावं. याच इगतपुरी तालुक्यात एकीकडे व्हॅलोने ही वायनरी, दुसरीकडे सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा. आजूबाजूला भाताची खाचरं. पावसाळ्यात इथे छत्रीसुद्धा भिजून कंटाळते, पण फेब्रुवारीत पहाटे कडक थंडी, दुपारी चटचटीत ऊन. द्राक्षाला हेच लागतं. दिवसा साखर भरायची, रात्री आंबटपणा राखायचा.

पहिल्या वायनरीच्या दारात एका मुलीने विचारलं, “किती जण?”

“एक.”

“बाकीचे मागून येतायत?”

“नाही.”

त्या मुलीने माझ्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं. गाडीत ड्रायव्हर नाही, मागच्या सीटवर रुसलेला नवरा नाही. मग तिने मला चौघांच्या टेबलावर बसवलं आणि उरलेल्या तीन खुर्च्या एकेक करून उचलून नेल्या. शेवटची खुर्ची नेताना तर मला माझीच शोकसभा असल्यासारखं वाटलं.

एकट्या माणसाला पर्यटनस्थळी एक सरकारी दर्जा मिळतो. तो आपोआप सार्वजनिक छायाचित्रकार होतो. “आंटी, एक फोटो काढाल?” पुण्याच्या आयटीतल्या मुली, नाशिकचंच नवं जोडपं, ठाण्याहून आलेला वाढदिवसाचा घोळका, सगळ्यांचे फोटो मी काढले. ग्लास उन्हात धरा, आता एकमेकांकडे बघा, आता सहज हसा. सहज हसायला सगळ्यांत जास्त वेळ लागत होता. माझा स्वतःचा या सहलीतला एकमेव फोटो म्हणजे एका मुलीच्या सेल्फीत, मागे, पिकदाणीवर वाकलेली मी.

वाइन पाजणारा मुलगा गिरणाऱ्याचा होता, म्हणजे गंगापूर धरणाच्या पलीकडचा, टोमॅटोच्या गावचा. सुरुवात त्याने अस्खलित इंग्रजीत केली. ग्लास दांडीला धरा, फिरवा, आता नाक आत घाला. ताटात नाक घातलं म्हणून लहानपणी मी आजोबांच्या हातचा मार खाल्लेला आहे, पण इथे तेच शास्त्र. सोव्हिन्यॉ ब्लांच्या ग्लासात म्हणे ढोबळी मिरची, कैरी आणि नुकतंच कापलेलं गवत यांचा वास येतो.

“मला गवत येत नाहीये,” मी मराठीत म्हटलं.

मराठी ऐकताच त्याचे खांदे खाली आले. “ताई, खरं सांगू? आमच्याकडे गुरं आहेत, म्हणून मला पहिल्याच दिवशी गवत आलं. मुंबईच्या कोणालाच येत नाही. पण सगळे हो म्हणतात.”

मग मी घोट घेतला, खेळवला आणि टाकला. धार सरळ गेली. सराव कामी आला. पण पोराचा चेहरा पडला. “आवडली नाही का?” इतक्या दिवसांत त्याच्यासमोर कोणी खरोखर थुंकलं नव्हतं. पिकदाणी ठेवायची असते म्हणून ठेवलेली. लोक त्यात फार तर हातातल्या चीजचा कागद टाकत. मला गाडी चालवायची आहे हे समजावल्यावर तो आदराने माझ्याकडे पाहू लागला आणि पुढची प्रत्येक वाइन ओतताना पिकदाणी आधी पुसून पुढे सरकवू लागला. बाजूच्या टेबलावरचा वाढदिवस थांबून बघत होता. शिराझच्या वेळी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

शिराझमध्ये काळी मिरी येते, हे मात्र मला मान्य आहे. ती वाइन ज्या पिंपांत मुरते त्या तळघरात नेऊन दाखवतात. फ्रान्सहून आणलेली ओकची पिंपं, एकेकात २२५ लिटर, वर अंधार, खाली थंडी, आणि सगळे आपोआप कुजबुजत बोलतात. चार-पाच वर्षांत पिंपातला लाकडाचा स्वाद उतरला की ती बाग सजवायला बाहेर येतात आणि त्यांच्यात शेवंती लावतात. निवृत्तीची ही सोय मला आवडली.

मुक्काम पंचवटीत मावशीकडे. मावशीचं वय ऐंशीच्या पुढे आणि मतं त्याहून जुनी. २०२२ साली सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायची असं सरकारने ठरवलं, तेव्हा वाइन म्हणजे दारू की दारू नव्हे यावर अख्खा महाराष्ट्र भांडत होता. मावशीने तो प्रश्न त्याच दिवशी निकालात काढला होता. “काविळीच्या माणसाला डॉक्टर देतील का? नाही ना? मग दारू.” माझ्या बेताचं मी सगळं खरं सांगितलं. ती थोडा वेळ जपमाळ ओढत राहिली आणि म्हणाली, “आधी त्र्यंबकला जाऊन ये. मग काय थुंकायचंय ते थुंक.”

गंगापूरच्या बाजूला वायनऱ्यांचा सगळा बाजार भरलेला असतो. १९९०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंतांनी इथे वाइनची द्राक्षं लावली, तेव्हा भोवताली गवताळ माळ होता. २००० साली पहिली बाटली आली. वायनरीचं सुला हे नाव त्यांनी आईच्या, सुलभाच्या नावावरून ठेवलं. हे ऐकून मी लगेच मुलाला फोन लावला. त्याने घरच्या वायफायला कुत्र्याचं नाव दिलेलं आहे. जवळच यॉर्क आहे. मला वाटलं विलायतेशी काही नातं असेल, तर ती मालकांच्या तीन मुलांची आद्याक्षरं निघाली. २०२१ साली तीही सुलाच्या घरात गेली. एकूण या धंद्यात मुलं आईचं नाव लावतात आणि आईबाप मुलांचं. आपल्याकडे असा जिव्हाळा फक्त पतसंस्थांच्या नावांत दिसतो.

एके ठिकाणी लोक पैसे मोजून लाकडी हौदात द्राक्षं तुडवत होते. ढोल वाजत होता, घोट्यांपर्यंत रस. “याची वाइन करता का?” असं मी विचारलं, तर तिथला माणूस दचकलाच. “नाही हो मॅडम! पाय बघितले का त्यांचे?”

या प्रवासातली सगळ्यांत मोठी पारखी व्यक्ती मात्र दिंडोरी तालुक्यात भेटली. माझा मामेभाऊ. दहा एकर थॉमसन द्राक्षं, युरोपला माल जातो, गळ्यात तुळशीची माळ. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी रिफ्रॅक्टोमीटर. मणी चिरडून रसाचा थेंब काचेवर टाकतो, एक डोळा मिटतो आणि साखरेचा आकडा सांगतो. शांदोंची फ्रेंच वायनरी त्याच्याच तालुक्यात, पण तो कुठल्याच वायनरीची पायरी चढलेला नव्हता. “आपल्याला काय करायचंय तिथं, ताई?” त्याला ओढून नेण्याआधी त्याने मला बाग दाखवली आणि तासभर शिकवणी घेतली. फ्रान्समध्ये वेल थंडीत झोपते. इथे तिला झोपच लागत नाही, म्हणून दोनदा कापायची. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. छाटण्या दोन, पीक एकच. त्यात डावणी, भुरी हे रोग, वर अवकाळी. पावसाचं नाव निघालं की तो आकाशाकडे असा बघायचा, जसं कोणी उसने पैसे नेलेल्याच्या घराकडे बघावं.

मी त्याला एका वायनरीत नेलं. तिथे वेलींवरचे वाइनचे घड बघून तो हळूच मला म्हणाला, “एवढेसे मणी? आमच्याकडे हे बेदाण्यालाही घेणार नाहीत.” छोटी गोळी, जाड साल, आत बिया. पण रिफ्रॅक्टोमीटर लावला, तर साखर २३ ब्रिक्स. त्याचा एक्सपोर्टचा माल १७-१८ला तुटतो. तो गप्प झाला. मग तिथल्या पोरीने सांगितलं की चांगल्या वाइनसाठी वेलीवर मुद्दाम कमी घड ठेवतात, म्हणजे स्वाद दाटतो.

“मुद्दाम कमी?” भाऊ म्हणाला. “आमच्याकडे गारपीट हे फुकट करून देती.”

चाखायच्या टेबलावर माळेचा प्रश्न आला. वास घ्यायला माळेची हरकत नसावी, असा निर्णय त्याने स्वतःच दिला. शनँ ब्लांचा ग्लास नाकाशी नेला आणि पोरीने तोंड उघडायच्या आत म्हणाला, “पेरू. पिकून एक दिवस झालेला.” तिने छापील कागद पाहिला. पेरूच होता. मग एकामागून एक ग्लास आले. शिराझला तो म्हणाला मिरी, लाकूड, आणि थोडी नव्या चपलांच्या दुकानात येते ती हवा. ‘चामडं’ असं कागदावर लिहिलेलं होतं. मी एका बाजूने चाखून टाकत होते, तो दुसऱ्या बाजूने हुंगून परत करत होता. दोघांत मिळून एक थेंब पोटात गेला नाही. तरी ती पोरगी आम्हाला सोडायला थेट गाडीपर्यंत आली.

परतीला घोटीच्या अलीकडे अंधारात नाका लागला. हवालदाराने काच खाली करायला लावली. कुठून आलात? मी सात वायनऱ्यांची नावं सांगितली, कारण खोटं बोलायला काही कारणच नव्हतं. त्याचे डोळे चमकले. “फुंका.” मी फुंकलं. यंत्राने शून्य दाखवलं. त्याने ते हातावर आपटलं, पुन्हा फुंकवलं. शून्य.

“साहेब!” तो ओरडला. “सात वायनऱ्या फिरून आल्यात, आणि झिरो!”

साहेब आले. “मशीन बिघडलं असेल. दुसरं आण.” दुसरं यंत्र पुढच्या गाडीत होतं. ते येईपर्यंत साहेबांनी डिकी बघितली. बाटल्यांची बिलं नीट वाचली. मग भावाने दिलेल्या द्राक्षाच्या पेटीपाशी थांबले. मी म्हटलं, “घ्या ना, भावाच्या बागेतली आहेत. एक्सपोर्टची.”

त्यांनी टॉर्च पेटवला, एक घड उचलून देठापासून टोकापर्यंत फिरवून पाहिला, एक मणी तोंडात टाकला. हवालदार वाट बघत उभा.

“एक्सपोर्टची नाहीत,” साहेब म्हणाले. “निफाडचा आहे मी, मला सांगू नका. मण्यावर डाग आहे. भावाला म्हणावं, कंटेनर परत येईल.”