पॉइंट पन्नासचे दादा

सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागात अभ्यासिका काढायची तर काय लागतं? प्लायवूडची खोकी, ट्यूबलाइट, 'पेनचं बटण वाजवू नये' अशी पाटी आणि एक दादा. पहिल्या तीन गोष्टी मालक आणतो. दादा आपोआप येतात आणि मग जात नाहीत.

दादा म्हणजे स्पर्धा परीक्षेचे सिनिअर विद्यार्थी. किती सिनिअर, हे त्यांना विचारायचं नसतं. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या इतिहासावरून काढायचं असतं. २०१३ साली राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेला सीसॅट हा गणित-बुद्धिमत्तेचा पेपर आला तेव्हा आमचे दादा 'नुकतेच पुण्यात' आले होते. २०२३ मध्ये सीसॅट नुसतं पास होण्यापुरतं, ३३ टक्क्यांपुरतं उरलं, तेव्हा दादांचं गणित नुकतंच सुधारलं होतं. मुख्य परीक्षा इतकी वर्षं गोळे काळे करायची होती, ती २०२५ पासून वर्णनात्मक झाली. चारांतला एक पर्याय निवडण्यात ज्यांचं तारुण्य गेलं त्यांनी आता पानंच्या पानं लिहायची. नियम बदलले, अध्यक्ष बदलले, सरकारं तर मोजायलाच नकोत. खिडकीजवळचा डेस्क मात्र दादांचाच राहिला.

दादा नापास होत नाहीत. ते 'पॉइंट पन्नासने जातात'. पूर्वला एका प्रश्नाला दोन मार्क, उत्तर चुकलं की 'निगेटिव्ह' म्हणून त्यातला पाव हिस्सा कापतात, म्हणजे अर्धा मार्क. तेवढ्याच अर्ध्या मार्काने दादांची मुख्य परीक्षा हुकली. तो प्रश्न नद्यांच्या उत्तर-दक्षिण क्रमाचा होता. आयोगाच्या पहिल्या आन्सर कीमध्ये दादांचं उत्तर बरोबर, अंतिम कीमध्ये चूक. "काका, नुसता सोडला असता तरी कटऑफला टेकलो असतो हो," हे दादा ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात माणसं पहिल्या प्रेमाबद्दल बोलतात. त्या नद्या अजून वाहतायत याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

इतका अभ्यास झाल्यावर माणूस साधं बोलूच शकत नाही. आमच्याकडे कऱ्हाडची सोयरीक जमली, मी पेढा पुढे केला. पेढा घेता घेता दादा म्हणाले, "कृष्णा-कोयना, प्रीतिसंगम." मुलगी काय शिकली, हे त्यांनी विचारलं नाही. कळसूबाई म्हटलं की त्यांच्या तोंडून '१६४६ मीटर' आपोआप निघतं, शिंकेला आवर घालता येत नाही तसं. टपरीवाल्याने एकदा हटकलं, "दादा, काल चहा-क्रीमरोल झाला, पैसे राहिले." दादा म्हणाले, "विधान एक बरोबर. विधान दोनही बरोबर. पण दोन हे एकचं योग्य स्पष्टीकरण नाही." टपरीवाला रोज असल्यांनाच चहा पाजतो. त्याने शांतपणे सांगितलं, "पर्याय चौथा. आधीचे धरून ऐंशी रुपये."

घरी सोलापूरकडे ज्वारीचं रान आहे. वडील दर रविवारी फोन करतात. पूर्वी विचारायचे, "जेवलास का?" आता विचारतात, "मागणीपत्र गेलं का रं आयोगाकडं?" ज्या माणसाला सातबाऱ्यावरची नोंद तलाठ्याकडून वाचून घ्यावी लागायची, त्याला आज पूर्व, मुख्य, कंबाईन (आयोगाचीच दुसरी, संयुक्त परीक्षा), ग्राऊंड सगळं तोंडपाठ आहे. दादांच्या परीक्षेचा अभ्यास दादांइतकाच त्यांचाही झाला आहे. म्हैस विकून क्लासची फी भरली तेव्हापासून. मधल्या काळात धाकट्या भावाचं लग्न झालं. दादांसाठीही एक स्थळ आलं होतं. मुलीच्या मामांनी विचारलं, "समजा नाही झालं, तर प्लॅन बी काय?" दादांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "कंबाईन." बैठक पोह्यांवरच आटोपली.

एकदा मी धीर करून म्हणालो, "दादा, आता बास करा." ते म्हणाले, "काका, चिंतामणराव देशमुख १९१८ साली आयसीएसला पहिले आले." मी म्हटलं, "अहो, बाविसाव्या वर्षी!" तर म्हणतात, "मी वयाचं कुठं बोलतोय? रायगड जिल्ह्यातल्या नाते गावात जन्मलेला माणूस पहिला येऊ शकतो, एवढंच बोलतोय." वयाचा विषय दादा असा वळसा घालून ओलांडतात. खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा त्यांना पाठ आहे, पण अभ्यासिकेत दादांचा वाढदिवस कधी साजरा झालेला मी पाहिला नाही. इतरांचे केक कापायला पुढे तेच असतात.

आणि इथेच माझी गाडी अडते. स्पर्धा म्हणजे पाय ओढणं, असं आम्ही ऑफिसात तीस वर्षं शिकलो. माझ्या शेजारच्या टेबलावरच्याने मला प्रमोशनचं परिपत्रक कधी वाचू दिलं नाही. इथे जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत, आणि तरी हा माणूस आपल्याच प्रतिस्पर्ध्यांना राज्यघटना शिकवत बसलेला! कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे 'दादा' नावाची फाइल आहे. लक्ष्मीकांत आणि कोळंबे यांच्या पुस्तकांचा अर्क त्यात काढलेला. कुणीही जावं, पानाला दीड रुपया द्यावा, दादांचा हक्क शून्य. पेपरच्या दिवशी पहाटे दादा कॉट-कॉटवर जाऊन पोरांना उठवतात. हॉल तिकीट घेतलं का, काळा बॉलपेन आहे का, ओळखपत्राची झेरॉक्स? मग शेवटी स्वतःचं हॉल तिकीट शोधतात. मला वाटतं, दादांना जिंकण्यापेक्षा स्पर्धाच जास्त आवडते. एकट्याने पळण्यात मजा नाही, म्हणून ते शर्यतीला माणसं तयार करतात. की हे मी पेठेतल्या पंख्याखाली बसून पाजळलेलं शहाणपण?

११ मार्च २०२१ आठवतो. १४ तारखेची पूर्वपरीक्षा कोरोनाचं कारण सांगून तीन दिवस आधी पुढे ढकलली आणि पोरं रस्त्यावर उतरली. मी गॅलरीतून पाहत होतो. दादा पुढच्या रांगेत, आवाज खणखणीत. पण दोन घोषणांच्या मध्ये शेजारच्या पोराला विचारत होते, "सांग, लोकसेवा आयोगाचं कलम?" तो म्हणाला, "३१५." "शाब्बास. झालाच पाहिजे!" पेपर शेवटी २१ मार्चला झाला. "सात दिवस जादा मिळाले, एक रिव्हिजन बसली," इति दादा.

निकाल लागला की ज्युनिअरची मिरवणूक निघते, गुलाल उधळला जातो, गावात फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवर खाली डाव्या कोपऱ्यात 'मार्गदर्शक' म्हणून दादांचा पासपोर्ट साइज फोटो असतो. तो फोटो अजून काळ्या केसांचा आहे. बाकीच्यांनी मेहनत कमी केली, असं ज्यांना वाटतं त्यांनी अभ्यासिकेचं लाइट बिल बघावं. या स्पर्धेत दरवर्षी हमखास पास होतात ते क्लासवाले, मेसवाले, आणि वाडे पाडून कॉट बेसिसवर खोल्या देणारे आम्ही पेठकर.

तरीही दादांचं सगळंच बुडीत खात्यात गेलं असं मला म्हणवत नाही. तलाठ्यासमोर बोलायला घाबरणारा मुलगा आज गावच्या रस्त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज टाकतो, कुणाच्या पेन्शनचं अपील लिहून देतो. साहेब झाले असते तर वेळ मिळाला नसता.

परवा दादा नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यासाठी गावाकडच्या प्रांत कचेरीत गेले होते. कारकून म्हणाला, "आठ दिवसांनी या." दादांनी उभ्या उभ्या लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ म्हणून दाखवला. कारकून चकित. "अहो, आमचे साहेबही हे असंच सांगतात. अगदी याच शब्दांत!"

साहेब केबिनमधून बाहेर आले आणि ओरडले, "दादा! तुम्ही?" दादांच्या शेजारच्या डेस्कवरचा पोरगा. चहा आला, दाखल्यावर सही झाली. मग साहेबांनी दार लोटून घेतलं आणि आवाज उतरवला. "दादा, पुढच्या महिन्यात आमची विभागीय परीक्षा आहे. महसूल कायद्याच्या नोट्स काढून द्याल का?"

दादांनी दाखला पिशवीत टाकला, खिशातलं पेन काढलं आणि विचारलं, "निगेटिव्ह आहे का?"