बोटाले समजते

नरखेड तालुक्यातील तेलपारखी शोधण्यासाठी कष्ट घ्यावे लागत नाहीत, कारण कोणाच्याही मोटारीचे बॉनेट उघडले गेले की तो तेथे प्रकट होतो, डिपस्टिक, म्हणजे इंजिनातील तेलाची पातळी दाखविणारी धातूची पट्टी, मालकाला न विचारता उपसतो, तिच्या टोकावरचा थेंब अंगठा व तर्जनी यांच्यात चोळतो, डोळे अर्धवट मिटतो आणि निकाल देतो, "आखीन दोन हजार चालते." हा आकडा कोठून आला असे विचारणाऱ्यास नरखेडपासून जलालखेडा-मोवाडपर्यंत एकच उत्तर मिळते : "बोटाले समजते."

या विद्येचा शास्त्राशी अजिबात संबंध नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेलात धातूचा कीस उतरला असल्यास तो बोटाला लागतो, डिझेल मिसळले असल्यास वास येतो, आणि येथवर बोटाचा अधिकार मान्य करावाच लागतो. परंतु केवळ काळेपणावरून तेलास मृत ठरविणे किंवा चिकटपणावरून ते 'जित्तं हाये' असा निर्वाळा देणे, हे दोन्ही निराधार होत. डिझेल इंजिनातील नवे तेल थोड्याच दिवसांत काळे पडते, कारण त्यातील डिटर्जंट, म्हणजे काजळीचे कण साचू न देता तरंगते ठेवणारी द्रव्ये, आपले काम चोख करीत असतात. ती द्रव्ये संपत आली आहेत काय, तेलात आम्ल वाढले आहे काय, हे मात्र कोणत्याही बोटाला कळत नाही. म्हणूनच उत्पादक अंतर आणि काळ अशी दुहेरी मर्यादा घालतात (आजच्या अनेक मोटारींसाठी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी भरेल ते) आणि धूळ, ओझे व लहान फेऱ्या असल्यास त्याहून लवकर तेल बदलण्यास सांगतात. लहान फेरीत तेल पुरेसे तापत नाही आणि ज्वलनातून आलेली वाफ त्यात पाणी होऊन राहते. घर ते वावर एवढ्याच अंतरात, मातीच्या पांदणीतून, संत्र्यांचे क्रेट लादून फिरणाऱ्या गाडीत हे तिन्ही दोष एकत्र नांदतात. हे सर्व तेलपारखी शांतपणे ऐकून घेतो आणि उत्तरादाखल बोट दाखवतो.

त्याचे बोट इंजिनापुरते थांबले असते तरी निभावले असते. सोयरिकीसाठी पाहुणे आले की घरातील मंडळी मुलाचे शिक्षण, नोकरी आणि ओलिताची शेती यांची चौकशी करीत असताना हा गृहस्थ अंगणात पाहुण्यांच्या गाडीचे बॉनेट उघडून उभा असतो, आणि पोह्यांच्या बश्या फिरत असतानाच मुलीच्या बापाला बाजूला घेऊन सांगतो की ऑइल काकवीसारखे झाले आहे, असल्या घरात पोरगी द्यायची की नाही याचा विचार करावा. वरातीची गाडी निघण्याच्या क्षणीही तो पट्टी उपसतो, नवरदेव फेटा सावरीत घामाघूम होतो, बँडवाले तेच गाणे तिसऱ्यांदा सुरू करतात, आणि बोट चोळून होईपर्यंत मुहूर्ताला थांबावे लागते. ट्रॅक्टरचे तेल किलोमीटरवर नव्हे, तर इंजिन चाललेल्या तासांवर बदलतात आणि ते तास मोजणारे मीटर समोरच बसविलेले असते. पण मीटर कंपनीचे, बोट स्वतःचे, हा त्याचा युक्तिवाद कोणालाही खोडता आलेला नाही.

तथापि या गृहस्थाच्या निर्णयांची नोंद वर्षभर ठेवल्यास त्यात एक चमत्कारिक नियमितता आढळते. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस फुलून दिवाळीच्या आगेमागे तोडणीस येणारे संत्र्याचे पीक, झाडावर असेपर्यंत बोटाला प्रत्येक तेल 'आखीन दोन हजार' चालणारे लागते. पावसाळ्यात फळगळ झाली की तेच तेल चार हजारांपर्यंतही लांबते. आणि व्यापारी बागेचा सौदा ठरवून इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, हातावर ठेवतो, त्याच आठवड्यात बोटाला एकाएकी तेल संपल्याचे कळते. खिशात पैसा नाही हे चारचौघांत बोलण्यापेक्षा तेल अजून चांगले आहे असे म्हणणे सोपे जाते, आणि शेजाऱ्याच्या इंजिनाबाबत तोच निर्वाळा देऊन हा तापदायक माणूस शेजाऱ्याचीही अब्रू राखतो, एवढे श्रेय त्याला, नाइलाजाने का होईना, दिलेच पाहिजे. गॅरेजमधील मिस्त्रीला हे ठाऊक असते. तो वाद घालीत नाही, फक्त पातळी खाली गेली असल्यास अर्धा लिटर ओतून उधारीच्या वहीत लिहून ठेवतो.

इसाराचे पैसे आल्यावर मात्र तेलपारखी स्वतःची गाडी घेऊन सर्वांआधी गॅरेजात हजर होतो, जुने तेल बैलबंडीच्या आसाला घालण्यासाठी डब्यात भरून मागतो आणि नव्या तेलाचा थेंब लगेच बोटावर घेतो. त्याच्या तरुणपणीचे तेल २०डब्ल्यू४० होते. यातील पहिला आकडा थंडीतील दाटपणा सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनातील. नव्या गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू३० लिहिलेले असते, जे दोन्ही बाबतींत पातळ असते. बोट बराच वेळ फिरते, मिस्त्री हात पुसत वाट पाहतो, आणि अखेर तक्रार येते : "हे तं पानी हाय बे. पयलेचंच टाक."