आबांची नारळ-चाचणी

शेजारच्या आबांना चिखलाचं वावडं. सारी नोकरी बांधकाम खात्यात झाल्यामुळे पाऊस पडला की मातीचं काय होतं, हे त्यांना आतून माहीत. म्हणून कोथरूडला बंगला बांधला तेव्हा त्यांनी या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत शहाबादी फरशी ठोकली. पायऱ्यांना काळा कडप्पा, हौदाभोवती कोटा, तोही पॉलिश केलेला. तुळशीवृंदावन आणि आजींच्या पिवळ्या कण्हेरीचं आळं सोडलं, तर मूठभर माती कुठे दिसायची नाही. पावसाळ्यात शेवाळ धरायचं, मे महिन्यात कडप्प्यावर पाय भाजायचे. पण चिखल नाही. आबा खूश.

मग नात चालायला लागली.

पहिल्याच दिवशी उंबरठा ओलांडून ती फरशीवर आपटली. कपाळाला टेंगूळ आलं, आजींनी हळद दाबली आणि विषय मिटला. म्हणजे आजींपुरता. आबांनी कपाटातून टेप काढली.

पहिला तोडगा देशी होता. फरशी घसरते ना, मग तिला टाकी लावायची. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारी बाई गल्लीतून चालली होती, तिला बोलावून अख्खं अंगण दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “साहेब, एवढ्यावर वाटायचं काय?” तरी अर्ध्या अंगणाला टाकी लागली. नात घसरायची थांबली आणि सोलवटायला लागली. गुळगुळीत फरशी डोकं फोडते, खरबरीत फरशी गुडघे, असा निष्कर्ष आबांनी वहीत तारीख घालून नोंदवला.

मग नारळ आले. परदेशात खेळाच्या मैदानाची जमीन तपासताना तिच्यावर उंचावरून धातूचं डोकं पाडतात आणि धक्क्याचा निर्देशांक १००० च्या वर गेला की ती जमीन बाद करतात, असं आबांच्या वाचनात आलं. धातूचं डोकं मंडईत मिळेना, नारळ मिळाला. शिडीवर आबा, खाली वही धरून मी. शहाबादी: ठिकऱ्या. कोटा: ठिकऱ्या, शिवाय पाणी माझ्या पायावर. माझ्या बागेतली हिरवळ: तडा. “हिरवळ मऊ असते हा तुमचा भ्रम,” आबांनी वरून सुनावलं. आणि बोलणं खरं होतं. उन्हाने वाळलेली, तुडवून दडपलेली हिरवळ काँक्रीटपेक्षा फार दयाळू नसते. रबरी लादी जाड होती तिथे नारळ वाचला, पातळ होती तिथे गेला. फूटभर वाळूत मात्र तो रुतून बसला, हूं की चूं नाही.

“अहो, वड्या किती करू?” आजींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

वाळू ठरली. खड्डा पाच बाय पाच, फूटभर खोल. २५ घनफूट, बरोबर पाव ब्रास. तेवढी फरशी उखडून, पाणी जिरावं म्हणून तळाशी खडी घातली. पण पुरवठादार पाव ब्रास देईना, आणि देईल ती क्रश सँड. तिचे दाणे कोनदार, धूळ फार. आबांना गोल दाण्याची धुतलेली वाळू हवी होती. “साहेब, स्लॅब टाकायचाय की पोळ्या लाटायच्यात?” त्याने विचारलं. अखेर मनासारखी मिळाली, आबांनी ती पुन्हा धुतली, चाळली, वाळवली. पहिल्याच रात्री गल्लीतल्या मांजरांनी तिचा रीतसर वापर सुरू केला. आता खड्ड्यावर जाळीचं झाकण आहे. झाकणाच्या कडा लागू नयेत म्हणून त्यांना चिरलेल्या नळीचं अस्तर आहे.

हौदाला कुलूप, किल्ली आबांच्या कमरेला. लहान मूल चार बोटं पाण्यातही बुडू शकतं, म्हणून बादल्या कायम पालथ्या. फरशी पुसायला कामाच्या मावशींना पाणी मागून घ्यावं लागतं. साडेतीन ते नऊ इंचांच्या फटीतून मुलाचं धड जातं आणि डोकं अडकतं, हे कळल्यावर ओट्याच्या कठड्यातल्या प्रत्येक फटीत नारळ घालून झाला.

अडलं ते कण्हेरीपाशी. पिवळी कण्हेर मुळापासून बीपर्यंत विषारी, यात आबांचं काही चुकत नव्हतं.

“मग शंकराला काय वाहू?”

“बेल वाहा. काटे मी छाटून देतो.”

आजींनी झाड तोडू दिलं नाही. त्याच्याभोवती आता चार फुटी कुंपण आहे, गजांमधलं अंतर तीन इंच, दाराला वरून कडी. आजी रोज सकाळी कडी काढून आत जातात आणि आबा बाहेर उभे राहून फळांची मोजदाद करतात.

“काल सात होती. आज सहाच. सातवं कुठंय?”

“शंकराने गिळलं,” आजी परडी उचलत म्हणाल्या. “त्याला सवय आहे.”