बिनमताचा साहेब

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला दोर्दोन्य नावाचा जिल्हा आहे. निवृत्त इंग्रजांनी तिथे इतकी घरं घेतली आहेत, की लोक थट्टेने त्याला ‘दोर्दोन्यशायर’ म्हणतात. तिथल्या कुठल्याही गावच्या आठवडी बाजारात जा. एका हातात वांगं धरून दुसऱ्या हाताने घटनात्मक मुद्दा समजावणारा, उन्हाने लालबुंद झालेला एक म्हातारा हमखास दिसेल. वांगी विकणारी बाई मान डोलावत असते, कारण त्याशिवाय पैसे मिळायचे नाहीत. हा आपला साहेब.

साहेबाला मताचा अधिकार नाही, हे त्याच्या ओळखीच्या तिसऱ्या मिनिटाला कळतं. पहिली दोन मिनिटं हवापाण्यासाठी राखीव. शेवटी इंग्रज तो.

१९९९ साली इंग्लंडातल्या स्लाव शहरातलं घर विकून साहेब फ्रान्सला आला. तेव्हा परदेशी गेलेल्या ब्रिटिश नागरिकाला मायदेशाच्या निवडणुकीत वीस वर्षं मत देता येई. वर्षभरात नवा कायदा झाला आणि विसाची पंधरा वर्षं झाली. २०१९ पर्यंत टिकणारं मत २०१४ मध्येच आटोपलं. मधल्या काळात २००१, २००५ आणि २०१० अशा तीन सार्वत्रिक निवडणुका झाल्या. तिन्ही वेळा साहेबाला मत मिळण्यासारखं होतं. फक्त दरवर्षी एक अर्ज भरायचा होता, आणि तो अर्ज स्वयंपाकघरातल्या खणात वाइनच्या बुचांखाली सुखाने पडून असे.

“तू शेवटचं मत दिलंस कधी?” बाईसाहेबांनी एकदा पाहुण्यांदेखत विचारलं.

“प्रश्न मत देण्याचा नाही, असण्याचा आहे,” साहेब म्हणाला. स्लावला असताना मतदान केंद्र घरासमोर होतं, पण दर वेळी नेमका पाऊस असे, हे बाईसाहेबांनी पाहुण्यांना नंतर सांगितलं.

फ्रान्सने मात्र साहेबाला थोडं हाताशी धरलं. १९९३ साली मास्ट्रिख्टचा करार लागू झाला आणि युरोपीय संघाच्या नागरिकाला, तो संघातल्या ज्या देशात राहत असेल तिथल्या स्थानिक आणि युरोपीय संसदेच्या निवडणुकीत मत मिळालं. उभंही राहता येऊ लागलं. २००८ साली साहेब गावच्या कौन्सिलला उभा राहिला. छोट्या गावात मतदार नको असलेली नावं मतपत्रिकेवर खोडून टाकत. साहेबाचं नाव खोडायचं तर आधी वाचता यायला हवं होतं, म्हणून ते राहिलं आणि साहेब निवडून आला. आपल्याकडच्या ग्रामपंचायत सदस्यासारखं हे पद. फक्त परदेशी माणसाला सरपंच किंवा उपसरपंच होता येत नाही, आणि सिनेटर निवडण्याच्या कामातही भाग घेता येत नाही. साहेबाच्या वाट्याला गटारं आणि पथदिवे आले. त्याने ती गटारं अशी सांभाळली, की जणू थेम्सचं पात्रच त्याच्या हवाली केलं होतं.

पण राष्ट्राध्यक्षाच्या आणि संसदेच्या निवडणुकीत गावची सगळी मंडळी मत टाकून येत, तेव्हा साहेब टाय लावून बाहेर उभा. लंडनला मत संपलेलं, पॅरिसचं मिळत नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. मग फ्रेंच नागरिकत्व का घेत नाहीस, असं कुणी विचारलं तर साहेब गंभीर होतो. त्यासाठी फ्रेंच भाषा येत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. साहेबाचं फ्रेंच म्हणजे सावकाश आणि मोठ्याने बोललेलं इंग्रजी.

या दुःखातून साहेबाचा अभ्यास वाढला. कुठला देश आपल्या परदेशस्थ लोकांना कसं वागवतो, हे त्याला तोंडपाठ. फ्रेंचांनी तर परदेशातल्या फ्रेंचांसाठी २०१२ पासून अकरा खासदारच ठेवले आहेत. म्हणजे शेजारणीची मुलगी लंडनला कॉफी विकते, तिला पॅरिसला स्वतःचा खासदार आहे, आणि साहेब! आयरिश माणूस देश सोडून स्थायिक झाला की मत गेलंच. २०१८ च्या गर्भपाताच्या सार्वमतासाठी कितीतरी तरुण मुलं विमानं आणि बोटी पकडून घरी गेली होती. हा दाखला साहेब सांत्वनासाठी वापरतो. २०२२ साली पोर्तुगालच्या निवडणुकीत युरोपात राहणाऱ्यांची दीड लाखांहून अधिक मतं बाद झाली, कारण ओळखपत्राची प्रत जोडलेली आणि न जोडलेली मतं एकत्र मिसळली होती. न्यायालयाने फेरमतदान घ्यायला लावलं. हे सांगताना साहेबाचा आवाज दाटून येतो: “बाद व्हायला त्यांच्याकडे मत तरी होतं!”

या पंथाचे एक संतही आहेत. हॅरी शिंडलर. दुसऱ्या महायुद्धात इटलीत अँझिओला लढले, पुढे इटलीतच राहिले. पंधरा वर्षांच्या नियमाविरुद्ध ते स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात गेले आणि २०१३ साली हरले, पण थांबले नाहीत. त्यांचं नाव निघालं की साहेब ग्लास खाली ठेवतो. साहेबाने स्वतः काय केलं? वर्तमानपत्राला एक पत्र लिहिलं. ते छापून आलं नाही.

साहेबाचं स्लावमधलं घर हल्ली आमच्या एका मित्राकडे आहे. मूळचा नाशिकचा, पासपोर्ट भारताचा. जुन्या पत्त्यावर येणारं साहेबाचं टपाल तो इमानेइतबारे फ्रान्सला पाठवत राहिला आणि त्यातून दोघांची फोनवर ओळख वाढली. जून २०१६ मध्ये, ब्रिटनने युरोपीय संघात राहायचं की नाही या सार्वमताच्या आधी, साहेबाचा फोन आला.

“तुला मत आहे?”

“आहे. भारत राष्ट्रकुलात आहे ना, इथे राहणाऱ्या आम्हा लोकांना सगळ्या निवडणुकांत मत असतं.”

“आणि मला नाही?”

“तुम्ही परदेशात राहता.”

“मग तू कुठे राहतोस?”

“तुमच्या घरात.”

साहेबाने फोन ठेवला. जुनी वीस वर्षांची मुदत राहिली असती तर त्या दिवशी त्यालाही मत असतं, हा हिशेब त्याने त्या रात्री बाईसाहेबांना झोपू न देता सांगितला.

३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन संघाबाहेर पडला. १५ मार्चला फ्रान्समधल्या गावोगावच्या निवडणुका होत्या. मधल्या सहा आठवड्यांत साहेबाचं मतही गेलं आणि गटारंही गेली. गावाने निरोपाचा समारंभ केला. साहेबाने भाषण केलं. कुणाला काही कळलं नाही, पण सगळे गहिवरले.

आणि मग अचानक देव पावला. पंधरा वर्षांची अट रद्द करणारा कायदा २०२२ साली झाला आणि ती तरतूद १६ जानेवारी २०२४ पासून लागू झाली. शिंडलर आदल्याच वर्षी एकशे एकाव्या वर्षी वारले होते. साहेबाचं नाव स्लावच्या यादीत परत आलं. ४ जुलैला निवडणूक लागली. टपालाने मागवलेली मतपत्रिका वेळेवर येईल, यावर साहेबाचा विश्वास नव्हता, आणि परदेशातल्या पुष्कळांना त्या वेळी तसाच अनुभव आलाही. म्हणून त्याने आपल्या वतीने मत टाकणारा प्रॉक्सी नेमला. स्लावमध्ये त्याच्या ओळखीचा उरलेला माणूस एकच होता.

नाशिककराची गंमत अशी, की २० मे रोजी नाशिकला लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा त्याला स्वतःला मत देता आलं नव्हतं. परदेशस्थ भारतीयाला मत द्यायला जातीने केंद्रावर हजर व्हावं लागतं, आणि रजा शिल्लक नव्हती. ४ जुलैला मात्र तो भारतीय पासपोर्ट घेऊन घरासमोरच्या केंद्रावर गेला. ओळख पटवायला राष्ट्रकुलातला पासपोर्ट चालतो. एक मत स्वतःचं टाकलं, एक साहेबाचं. रात्री फोन आला.

“टाकलंस?”

“टाकलं.”

“मी सांगितलं त्यालाच ना?”

नाशिककर जरा थांबला. “साहेब, तुमच्या देशात मतदान गुप्त असतं.”

पलीकडे बराच वेळ काही बोलणं नाही. मग बाईसाहेबांनी फोन हातात घेतला. “पुढच्या वेळी माझंही तूच टाक,” त्या म्हणाल्या, “आणि कुणाला टाकलंस ते मला नाही सांगितलंस तरी चालेल. फक्त त्यालाही सांगू नकोस.”